रंगाच्या आधीची गाडी

कस्टम गाड्यांच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे बदलून बांधलेल्या गाड्यांच्या, कामात शिरू पाहणारे बहुतेक जण चित्रं घेऊन येतात. मोठी चाकं, बुटकं छत, अरुंद काचा, जमिनीला जवळजवळ टेकलेली गाडी. चित्रं वाईट नसतात. त्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो एवढाच: स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी खड्ड्यात आपटली तर हा टायर नेमका कुठे जाईल? उत्तर देता आलं नाही तरी हरकत नाही, पण प्रश्न कळला पाहिजे. मोठ्या कंपनीत आखणारा आणि बांधणारा हे दोन वेगळे विभाग असतात. लहान वर्कशॉपमध्ये दोन्ही कामं एकाच माणसाच्या अंगावर पडतात, आणि सकाळी मारलेल्या रेघेची किंमत त्याच माणसाला दुपारी ग्राइंडर हातात घेऊन मोजावी लागते.

हार्ले अर्ल हे मोटारीच्या डिझाइनमधलं सगळ्यात मोठं नाव. ते लॉस एंजेलिसमध्ये वडिलांच्या कारखान्यात श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी आणि सिनेमातल्या लोकांसाठी खास बॉड्या बांधत होते. 1927 मध्ये जनरल मोटर्सने त्यांच्याकडे ‘आर्ट अँड कलर’ विभाग सोपवला तेव्हा मातीच्या मॉडेलवर आकार ठरवायची सवय ते सोबत घेऊन गेले. माती कापता येते, परत लावता येते. पत्र्याला ती सोय नाही. म्हणून पत्र्याला हात लावायच्या आधी जेवढं ठरवता येईल तेवढं ठरवून घ्यायचं, हा या धंद्यातला निम्मा शहाणपणा आहे. उरलेला निम्मा कामाच्या क्रमात आहे, आणि तोच इथे मांडतो. उदाहरणाला वेगळ्या चेसिसवर बॉडी बसवलेली जुनी दोन दारांची गाडी धरू. छत खाली घ्यायचं, सस्पेन्शन नवं, इंजिन नवं, रंग नवा.

चित्र काढायला गाडीचा फोटो लागतो, आणि इथेच पहिली गफलत होते. जवळ उभं राहून मोबाइलने काढलेल्या फोटोत पुढचं चाक मोठं दिसतं आणि मागचा भाग लहान. त्यावर छत तीन इंच खाली आखलं तर प्रत्यक्षात गाडी वेगळीच दिसते. फोटो दहा-बारा मीटरवरून, झूम लावून, कॅमेरा चाकाच्या हबच्या, म्हणजे चाक ज्या मधल्या भागावर बसतं त्याच्या, उंचीवर धरून काढायचा. त्यावर आखणी झाली की मुख्य रेषा भिंतीवर खऱ्या मापात उतरवायच्या. काळी चिकटपट्टी ताणून लावली की वक्र आपोआप गुळगुळीत येतो, पटला नाही तर उचलून पुन्हा लावता येतो. छताची रेषा, खिडकीची खालची कड, दाराच्या मधली रेघ, चाकाच्या कमानी एवढं पुरतं. पाच पावलं मागे जाऊन बघायचं. कागदावर ऐटदार दिसणारी रेघ खऱ्या मापात बऱ्याचदा पोट सुटल्यासारखी दिसते.

मग चाकं. इंजिन, सीट, रंग यांची चर्चा गिऱ्हाईक कितीही करो, आधी चाक आणि टायर ठरले पाहिजेत, कारण चेसिसची उंची, कमानीची जागा, एक्सलची रुंदी ही सगळी मापं तिथून निघतात. 245/45 आर 18 टायर घ्या, म्हणजे रुंदी 245 मिलिमीटर, भिंत रुंदीच्या 45 टक्के, रिम 18 इंच. रिम 457 मिलिमीटर, वर आणि खाली टायरची भिंत प्रत्येकी 110, म्हणजे एकूण व्यास सुमारे 678 मिलिमीटर. रिम विकत घेताना लोक रुंदी आणि ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या चेहऱ्याचं अंतर) बघतात, पण 8 इंची रिम कडेपासून कडेपर्यंत मोजली तर साधारण 9 इंच भरते. तिचा मध्य साडेचार इंचावर येतो. ऑफसेट अधिक 25 मिलिमीटर असेल तर हबच्या चेहऱ्यापासून आतल्या कडेपर्यंत साडेपाच इंच लागणार. आत सस्पेन्शनचा हात किंवा चेसिस पाच इंचावर असेल तर ते चाक तुमचं नाही, मग ते कितीही सुंदर असो. प्लायवूडच्या दोन चकत्या कापून हबवर लावायच्या, स्प्रिंग काढून ठेवायची आणि जॅकने हब वरखाली करत दोन्ही टोकांना स्टीअरिंग पूर्ण वळवून बघायचं. अर्ध्या दिवसाचं हे काम टाळलं की चाकं बदलून आणावी लागतात आणि विकणारा परत घेत नाही.

गाडी उघडताना घाई नको. प्रत्येक ठिकाणचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर नाव, उघडण्याआधी फोटो. गंजलेला, मोडका, फेकून द्यावासा वाटणारा भागही गाडी रस्त्यावर धावेपर्यंत ठेवायचा. पुढे ब्रॅकेट बनवताना नमुना म्हणून तोच लागतो.

चेसिसचं काम टेबलावर. चेसिस सरळ आहे हे डोळ्याने कळत नाही. जमीन सपाट असेलच असं नाही, म्हणून लेव्हल ट्यूबने किंवा लेझरने चार कोपऱ्यांची उंची एक करून घ्यायची, मधोमध दोरी ताणायची, ओळंब्याने खाली खुणा उतरवायच्या आणि कर्ण मोजायचे. दोन कर्णांत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नये. नवी चेसिस बहुधा 100 बाय 50 च्या 3 मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पाइपची होते. वेल्डिंग एका बाजूने सलग करत गेलं की पाइप त्या बाजूला ओढला जातो. आधी सगळीकडे टाके (ठिपक्याएवढे वेल्ड), मग पुन्हा मापं, मग समोरासमोरच्या जोडांवर आलटून पालटून थोडं थोडं. पूर्ण थंड होईपर्यंत क्लॅम्प सोडायचे नाहीत.

सस्पेन्शनमध्ये दोन गोष्टी सतत चुकतात. पहिली, मागच्या एक्सलचा कोन. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे तीन अंश खाली झुकलेला असेल तर डिफरन्शियलचा पिनियन (मागच्या एक्सलच्या गिअरमध्ये शिरणारा शाफ्ट) तेवढाच वर बघायला हवा, म्हणजे दोन्ही समांतर राहतात आणि मधल्या शाफ्टच्या दोन टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटची (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांची) थरथर एकमेकींना खाऊन टाकते. फरक एका अंशाच्या आत हवा. प्रत्येक जॉइंटला थोडा कोन असावाच लागतो, एक ते तीन अंश. अगदी सरळ रेषेत ठेवला तर आतले सुईसारखे रोलर जागच्या जागी राहून खड्डे पाडतात. दुसरी गोष्ट स्टीअरिंगची. चाक वर जाताना स्टीअरिंगचा रॉड आणि सस्पेन्शनचा हात वेगवेगळ्या वर्तुळांत फिरले तर प्रत्येक खड्ड्यात गाडी आपोआप वळते. स्प्रिंग काढून हब 50 मिलिमीटर वर आणि 50 खाली न्यायचा आणि हबला बांधलेल्या फळीच्या पुढच्या-मागच्या टोकांचं अंतर मोजायचं. फरक येत असेल तर रॅकची, म्हणजे स्टीअरिंगचे रॉड ढकलणाऱ्या दांड्याची, उंची बदलायची. रॅकचे ब्रॅकेट कायमचे वेल्ड करण्याआधी हे करायचं, नंतर केलं तर फक्त दुखणं कळतं.

ब्रेकच्या पेडलचं गणित सोपं आहे, तरी ते कुणी मांडत नाही. पेडल ज्या खिळीवर फिरतं तिच्यापासून पायापर्यंत 300 मिलिमीटर आणि खिळीपासून पुशरॉडपर्यंत 50, म्हणजे सहास एक. बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) नसेल तर एवढं हवं. बूस्टर असेल तर साधारण चारास एक. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणारा) फरशीखाली, कॅलिपरपेक्षा (चाकाजवळ डिस्कला चिमटणाऱ्या भागापेक्षा) खाली बसवला तर ऑइल मागे वाहतं आणि पहिला ब्रेक रिकामा जातो. त्यासाठी लाइनमध्ये छोटा व्हॉल्व्ह लागतो, डिस्कला 2 पीएसआय दाबाचा, ड्रमला 10 चा. ब्रेकच्या पाइपाच्या टोकाला दुहेरी फ्लेअर, म्हणजे दुमडून फुलवलेली कड. एकेरी फ्लेअर चिरते, ती इथे चालत नाही.

आता छत. या एका कामात आखणारा आणि बांधणारा दोघांचीही परीक्षा होते, म्हणून जरा सविस्तर.

कापण्याआधी गाडी आतून बांधून घ्यायची. दाराच्या चौकटीत 25 मिलिमीटरचे चौकोनी पाइप, एक आडवा, एक तिरका, दोन्ही बाजूंना जोडणारा एक. हे केलं नाही तर छत कापताच बॉडी उघडते किंवा मिटते आणि दारं पुन्हा कधीच नीट बसत नाहीत. दारं जागेवर, बंद. दाराची खिडकीची चौकटही खांबांबरोबरच कापली जाणार आहे. गाडी स्टँडवर उचलून धरली असेल तर आधी बॉडीच्या सगळ्या माउंटखाली आधार आहे ना ते बघायचं.

छत 75 मिलिमीटर खाली घ्यायचंय असं धरू. नवशिक्याला वाटतं चारही खांबांतून 75 चा तुकडा काढला की झालं. पुढच्या काचेचे खांब मागे झुकलेले असतात, उभ्या रेषेशी समजा 30 अंश. छत सरळ खाली आलं की खांबाचा वरचा तुकडा खालच्या तुकड्याच्या मागे पडतो. किती? 75 गुणिले 30 अंशाचा टॅन, म्हणजे 43 मिलिमीटर. मागचे खांब उलट दिशेने झुकलेले, तिथे वरचा तुकडा पुढे पडतो, आणि मागची काच जास्त तिरकी असल्याने फरकही जास्त. थोडक्यात, खाली आलेलं छत दोन्ही टोकांना आखूड पडतं. छत पुढे सरकवून पुढचे खांब जुळवले तर सगळी तूट मागे जमा होते.

रुंदीचंही तेच. बाजूच्या काचा वर जाताना आत झुकतात. आठ अंशांचा झुकाव धरला तर 75 वर प्रत्येक बाजूला दहा मिलिमीटरचा फरक पडतो. मधला खांब छतापेक्षा दहा मिलिमीटर बाहेर राहतो.

यातून सुटायचे तीन मार्ग. छत आडवं कापून मध्ये पट्टी घालायची, म्हणजे ते लांब होतं. किंवा पुढचे खांब खाली चिरून मागे झुकवायचे, म्हणजे काच जास्त तिरकी होते आणि छत जास्त लांब करावं लागत नाही. किंवा मागची काच कापायच्या भानगडीत न पडता तिची अख्खी चौकटच जास्त झोपवायची. बहुतेक चांगल्या कामांत तिन्ही थोडे थोडे असतात, आणि किती कुठे हे भिंतीवरच्या चिकटपट्टीवर आधीच ठरलेलं असतं. फोर्ड कंपनीच्या 1949 ते 1951 च्या मर्क्युरी गाड्या असं छत कापण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. 1952 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलेली हिरोहाटा मर्क्युरी त्यातली सर्वांत गाजलेली. तिच्यात छत कापलंच, शिवाय मधला खांबही काढून टाकला. तो खांब गेला की मधल्या खांबाचं न जुळणं हा प्रश्नच उरत नाही, पण बॉडीचा आधार जातो आणि काचा आपापल्या पायावर उभ्या कराव्या लागतात. दिसायला सोपी वाटणारी रेघ अशी महाग असते.

कापायची जागा खांब जिथे सगळ्यात सरळ आणि एकसारख्या जाडीचा आहे तिथे. मास्किंग टेपच्या दोन रेघा, मध्ये 75. खांब आतून-बाहेरून दोन थरांचा असतो. दोन्ही थर एकाच रेषेत कापू नयेत, आतला कट बाहेरच्यापासून 30-40 मिलिमीटर सरकवायचा, आणि आत जाड पत्र्याची नळी घालून मग जोडायचं. पातळ कटिंग व्हील किंवा बारीक दातांची आरी. जाड व्हीलने दोन मिलिमीटर पत्रा धूळ होतो आणि ती फट वेल्डिंगने भरावी लागते. छत उचलायला चार माणसं लागतात. खाली ठेवल्यावर वेल्डिंग मशीन लांबच ठेवायचं. आधी क्लॅम्प, मग काचेचा पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा नमुना, मग दारं उघडून-मिटवून बघायचं, मग मोजके टाके, मग गाडी बाहेर उजेडात नेऊन चारही बाजूंनी बघायचं. एका रात्रीनंतर पुन्हा बघायचं. टाके ग्राइंडरने पाच मिनिटांत निघतात.

काचांबद्दल. बाजूच्या मूळ काचा बऱ्याचदा टफन्ड असतात. अशा काचा कापता येत नाहीत, कापायला गेलं की चुरा होतो. लॅमिनेटेड काच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली, कापता येते, आणि जुनी समोरची काच बहुधा लॅमिनेटेड असते. पण वक्र काच कापणं हे त्या कामात मुरलेल्या माणसाचं काम, आणि तरीही ती तडकू शकते. म्हणून जिला दुसरी मिळत नाही अशी काच कापायची वेळच येऊ द्यायची नाही, चौकट तिच्या मापाने बदलायची. बाजूच्या सपाट काचा नमुन्यावरून नव्या करून घेता येतात.

छताची आडवी पट्टी जोडणं हे पत्र्याच्या कामातलं सगळ्यात नाजूक वेल्डिंग. एक मिलिमीटरच्या आसपासचा पत्रा, दोन्ही कडा एकमेकींना फट न ठेवता भिडलेल्या. टिगने (टंगस्टनच्या टोकाच्या आर्कने करायच्या वेल्डिंगने) जोडत असाल तर साधारण 40 अँपिअर, 1.6 मिलिमीटरचं टंगस्टन, आर्गॉन मिनिटाला सात-आठ लिटर. दर इंचाला टाका, मग मधल्या जागा, प्रत्येक वेळी लांबच्या टोकाला उडी मारून. वेल्ड थंड होताना रेषेच्या बाजूने आकसतो आणि शेजारचा पत्रा ओढतो. छताला झोळ पडतो तो याच कारणाने. उपाय एकच, वेल्ड खालून डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) लावून आणि वरून हातोडीने ठोकून तेवढा परत ताणायचा. टिगचा वेल्ड मऊ असतो, ठोकू देतो. मिगचा, म्हणजे मशीनमधून आपोआप तार पुढे येणाऱ्या वेल्डिंगचा, कडक होतो. तो आधी घासून सपाट केल्याशिवाय ठोकू नये, आणि तरीही कधी कधी चिरतो. जास्त ठोकला तर पत्रा ताणून सैल होतो, बोट दाबलं की टक्कन आत जातो आणि सोडलं की बाहेर येतो. मग तो आकसवायला लागतो, गरम ठिपका देऊन किंवा श्रिंकिंग डिस्कने (घासून पत्रा तापवणाऱ्या चकतीने). ही देवाणघेवाण हातात बसायला वर्षं जातात, आणि त्याला आडवाट नाही.

पूर्वी असे जोड शिशाने भरत. 70 टक्के शिसं आणि 30 टक्के कथील यांचा मिश्रधातू 183 अंशांवर मऊ होऊ लागतो आणि पूर्ण वितळायला 250 च्या वर जातो. मधल्या टप्प्यात लाकडी पट्टीने लोण्यासारखा पसरवता येतो. पॉलिएस्टरची लांबी (पुट्टी) आल्यावर ते मागे पडलं. लांबी वाईट नाही, फक्त ती पत्र्याच्या कामाची जागा घेऊ शकत नाही. तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर लागत असेल तर हातोडीचं काम राहिलंय असं समजायचं.

वेल्डिंगच्या आधी एक गोष्ट, आणि ती विसरू नये. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं नाही. ज्वाळेत आणि आर्कमध्ये त्याचा फॉस्जीन होतो, तो विषारी वायू आहे. डब्यावरची यादी वाचायची किंवा सरळ ॲसिटोन वापरून पूर्ण सुकू द्यायचं. पत्र्याच्या मागचं डांबर, फोम, वायर काढायचे, पेट्रोलची टाकी बाहेर. जळक्या वासावर विश्वास ठेवू नका, वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

दारांच्या फटी हा विषय बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटतो. चार मिलिमीटरची फट वरपासून खालपर्यंत चारच असली की गाडी महाग दिसते, आणि चाराची सहा झाली की का ते न कळता स्वस्त दिसते. फट बसवताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी, इंजिन आणि गिअरबॉक्स आत हवेत. रिकाम्या बॉडीवर जुळवलेल्या फटी इंजिन बसल्यावर हलतात, कारण चेसिस वजनाने किंचित वाकते. दाराचं रबर लावलेलं हवं. नवं रबर दार पाच-सहा मिलिमीटर बाहेर ढकलतं आणि रबराशिवाय जुळवलेलं दार रंगानंतर बाहेर येऊन बसतं. क्रम मागून पुढे: आधी मागचं मडगार्ड हा स्थिर धरायचा, त्याला दार, दाराला पुढचं मडगार्ड, शेवटी बोनेट. फट मोठी असेल तर दाराच्या कडेवर 1.6 मिलिमीटरची तार वेल्ड करून कानशीने खाली आणायची. आणि कोऱ्या पत्र्यावर फट चारऐवजी साडेचार ठेवायची. प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून प्रत्येक कडेवर पाव मिलिमीटर सहज चढतं, आणि कडा दोन असतात.

इथपर्यंत आल्यावर गाडी रंगाशिवाय पूर्ण जोडायची. पूर्ण म्हणजे पूर्ण: एक्झॉस्ट, ब्रेकचे पाइप, पेट्रोलची लाइन, रेडिएटर, वायरिंगची वाट, सीट, वायपर, आरसे, नंबरप्लेटचे भोकसुद्धा. दाराच्या आत कापड आणि पुठ्ठा मिळून दहा-बारा मिलिमीटर जाडी येणार आहे, तेवढी जागा हँडलच्या दांड्याला आहे का? गालिचा टाकल्यावर क्लच पेडल शेवटपर्यंत जातं का? बोनेट मिटल्यावर एअर फिल्टरवर मातीचा छोटा गोळा ठेवून किती दाबला गेला ते बघायचं, एक इंचाची जागा उरली पाहिजे. एक्झॉस्टपासून ब्रेक आणि पेट्रोलच्या लाइन जितक्या लांब तितक्या बऱ्या. जिथे जवळून न्याव्याच लागतात तिथे मध्ये पत्र्याचा पडदा. मग ही कोऱ्या पत्र्याची, कुरूप, ठिगळांची गाडी चालवायची. तीस-चाळीस किलोमीटरमध्ये काय घासतं, काय गळतं, काय तापतं ते कळतं. रंगानंतर ड्रिल मशीन हातात घ्यावं लागलं तर ते या टप्प्यावर राहिलेलं काम असतं.

गिऱ्हाईक याच वेळी गाडी बघायला येतं आणि याच वेळी बदल सुचतात. छत अजून अर्धा इंच खाली, दिवे वेगळे, सीट पुढे. सगळे बदल कागदावर, किती तास वाढतील आणि किती पैसे वाढतील त्यासकट, सहीने. तोंडी बदलांवर वर्कशॉप बुडतात. एका पूर्ण गाडीला हजारो तास लागतात, त्यामुळे सुरुवातीला दिलेला एकरकमी आकडा जवळजवळ नेहमी चुकतो. टप्प्याटप्प्याने पैसे, प्रत्येक टप्प्याला फोटो आणि तासांची वही, एवढं पाळलं तर भांडणं कमी होतात. वही स्वतःसाठीही लागते, पुढच्या गाडीचा अंदाज त्यातूनच निघतो. चेसिस नंबरची पट्टी, छत किंवा चेसिसमधला बदल, याबद्दलचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात. ते गाडी कापण्याआधी विचारायचे, आणि नंबर कोरलेला भाग कधीही कापायचा किंवा हलवायचा नाही.

मग सगळं पुन्हा उघडायचं. सपाट पॅनलवर वाळूचा जोरदार मारा करू नये, दाण्यांच्या ठोक्यांनी पत्र्याची एकच बाजू ताणली जाते आणि बोनेट कायमचं वाकतं. तिथे 80 नंबरची डिस्क किंवा केमिकल. कोऱ्या पत्र्यावर त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर, दोन हात. लांबी एपॉक्सीवर लावायची. मग जाड पॉलिएस्टर प्रायमर, त्यावर काळ्या पावडरीचा किंवा स्प्रेचा हलका थर, आणि लांब ठोकळ्याने घासणं. काळं उरलं तिथे खड्डा, पटकन गेलं तिथे उंचवटा. ठोकळा 400 मिलिमीटरचा, तिरका, दोन्ही दिशांनी. घासायचे कागद 80, 180, 320 नंबरचे, शेवटी 600 ओला. पॅनल गाडीवर लावलेलेच असताना, फटीवरून सलग घासत जायचं, म्हणजे दारावरची रेघ मडगार्डवर तुटत नाही. या कामाला नवा मुलगा लावतात आणि त्याला वाटतं आपल्याला शिकवत नाहीत. पत्र्याचा आकार तळहाताला कळायला याच्याइतकं चांगलं दुसरं काम नाही. डोळ्याला न दिसणारा झोळ पातळ सुती हातमोज्यातून हात फिरवला की लागतो.

मेटॅलिक रंग मारताना दार टेबलावर आडवं आणि मडगार्ड उभं असं चालत नाही. कण वेगळे बसतात आणि जोडल्यावर दोन छटा दिसतात. सगळे भाग गाडीवर असतात त्याच दिशेत टांगायचे, एकाच दिवशी, एकाच गनने, त्याच दाबावर. कँडी रंग, म्हणजे खालचा थर दिसू देणारा पारदर्शक रंग, तर प्रत्येक हाताबरोबर गडद होत जातो, त्यात नंतर ठिगळ लावता येत नाही. पुढच्या हाताची घाई केली की अडकलेलं थिनर बुडबुडे आणतं किंवा महिनाभराने बाहेर पडताना घासल्याच्या रेघा वर आणतं. टू-पॅक क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा दमा एकदा लागला की हा धंदा सोडावा लागतो. बाहेरून हवा आणणारा मास्क वापरायचा, कोळशाचा साधा मास्क इथे भरवशाचा नाही.

दुसरी जोडणी सावकाश, कडांना टेप लावून. वायरिंगमध्ये निम्मी दुखणी अर्थिंगची, कारण आता प्रत्येक पृष्ठभागावर रंग आहे. दिव्यांना वेगळी अर्थ वायर, इंजिन, बॉडी आणि चेसिस यांना जोडणाऱ्या विणलेल्या पट्ट्या, त्यांच्याखालचा रंग खरवडलेला. बॅटरी डिकीत असेल तर किमान 35 चौरस मिलिमीटरची केबल आणि फ्यूज बॅटरीलगत.

गाडी देताना सोबत एक फाइल जाते: वायरिंगचा नकाशा, रंगाचा कोड आणि क्लिअरचे किती हात, चाकांची अलाइनमेंट, प्रत्येक बेअरिंगचा आणि ब्रेक पॅडचा नंबर, कुठल्या गाडीचा कुठला भाग वापरलाय. पाच वर्षांनी दुसऱ्या गावातला मेकॅनिक ही गाडी उघडेल तेव्हा त्याला विचारायला कुणी नसेल. पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळायला बोलावायचं. नव्या पेंटवर नट थोडे बसतात आणि सैल होतात. त्याच वेळी एक्झॉस्टचे बोल्ट, सस्पेन्शनचे बुश आणि ब्रेकचा प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून बघायचा. मेण लावायला दोन-तीन महिने थांबा, हे मालकाला लिहून द्यायचं. तोंडी सांगितलेलं पहिल्याच रविवारी विसरलं जातं.